लाल शाईनं खोडलेला नंबर

मार्चची दुपार होती. सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या त्या बोळात मोटार शिरत नाही. तरी एक पांढरी मोटार बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली आणि तिच्यातून उतरलेला माणूस घर विचारत विचारत नागूबाई शिवशरणच्या उंबऱ्याशी आला. नागूबाई भिंतीला पाठ टेकून टॉवेलांच्या कडांचे लोंबते दोरे कात्रीनं कापत होती. अडुसष्ट वर्षांची बाई. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिनं एकतीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्या. गुडघे गेले तशी मशीन सुटली, पण गठ्ठे घरी यायचे थांबले नाहीत.

"सुभेदार धोंडिराम शिवशरण यांचं घर हेच का?"

कात्री थांबली. सासऱ्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हुद्द्यासकट त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

"हेच. मी त्यांची सून. तुमी कोण?"

"मी उदयसिंह. मानसिंग पाटलांचा नातू. आपलं गाव एकच की, मंद्रूपच्या पलीकडचं."

नागूबाईनं कात्री खाली ठेवली. खुर्ची पुढं सरकवली. तो बसला. पाणी त्यानं स्वतःहून मागितलं आणि घटाघटा प्यायला. चाळिशीच्या आतला, नीटस, बोलायला मऊ. आजोबा मागच्या वर्षी वारले, म्हणाला. त्यांचं एक रिव्हॉल्व्हर आहे, मिलिटरीतलं, अडतीस बोअरचं. ते वारसाहक्कानं नावावर करून घ्यायचं आणि मग पुण्यातल्या एका संग्राहकाला द्यायचं, असा त्याचा विचार होता.

"तो संग्राहक म्हणतो, असल्या हत्याराची किंमत लोखंडात नसते, कागदात असते. लष्कराच्या डेपोतून ते पहिल्यांदा कुणी घेतलं, त्याची मूळ पावती पाहिजे. आमच्या लायसनवर पहिला नंबर लाल शाईनं खोडून दुसरा घातलाय. शेजारी शेरा आहे, 'पाहा : धोंडिराम शिवशरण यांचे लायसन'. म्हणून तुमच्यापर्यंत आलो. पावती तुमच्याकडं असणार, आजी."

"जुने कागद लई हायत. बघावं लागंल."

"बघा की. घाई नाही. आणि एक साधं प्रतिज्ञापत्र लागेल. सत्त्याहत्तर साली सुभेदारांनी ते रिव्हॉल्व्हर आमच्या आजोबांना राजीखुशीनं दिलं, एवढंच. त्या वेळचं माणूस आता तुम्हीच उरलाय."

"राजीखुशीनं?"

"नाहीतर आमच्याकडं आलं कसं?" तो हसून म्हणाला. त्याच्या हसण्यात काही लपवाछपवी नव्हती. नागूबाईला तेच जास्त लागलं. या पोराला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

उठता उठता तो म्हणाला, "तुमची नात बी.एड. झालीय म्हणे. तासांवर शिकवते. आमच्या संस्थेच्या शाळेत कायमची जागा आहे. मी शब्द टाकतो."

तो गेला. नागूबाईनं पुन्हा कात्री उचलली आणि दोऱ्याऐवजी टॉवेलची कडच कापली.

ती लग्न होऊन त्या गावात आली ती अठराव्या वर्षी. सासरे महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उंच, वाळलेले, कमी बोलणारे. १९५३ साली फौज सोडताना त्यांनी डेपोतून एक वेब्ली रिव्हॉल्व्हर रीतसर विकत घेतलं होतं आणि कलेक्टरकडून त्याचं लायसन काढलं होतं. दर रविवारी ते पटकुरावर रिव्हॉल्व्हरचे भाग मांडून तेलाच्या बोळ्यानं पुसत. सुनेला एकदा म्हणाले होते, "ही पावती हाय तोवर हे माझं. पावती गेली की मग जो दांडगा, त्याचं." आपलं नाव इंग्रजीत टाईप केलेलं आणि त्यावर फौजेचा गोल शिक्का, असा तो चौघडी कागद होता. पंधरा ऑगस्टला ते जुना गणवेश चढवून, कमरेला रिव्हॉल्व्हर लावून शाळेच्या झेंड्याला जात. मास्तर त्यांना पहिल्या रांगेत उभं करीत. गावातल्या काही डोळ्यांना ते खुपत असे. मानसिंग पाटलांच्या तर फारच.

पाटलांकडंही तसंच रिव्हॉल्व्हर होतं, कुठल्या तरी संस्थानिकाच्या माणसाकडून घेतलेलं. पण त्याची गोळ्यांची चक्री ढिली झाली होती. घोडा ओढला तरी कधी बार व्हायचा, कधी नाही. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत लायसनवाल्यांची सगळी हत्यारं ठाण्यात जमा झाली. निवडणूक आटोपली, सासरे आपलं आणायला गेले आणि तिन्हीसांजेला परत आले. त्यांनी रुमाल सोडला, रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, चक्री फिरवून पाहिली. ती ढिली लागली.

"हे माझं न्हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, की पूर्वीपासूनच दोन्ही लायसनांत नंबरांची उलटापालट झालेली होती, आता ती चूक दुरुस्त करायची आहे, अर्जावर सही करा. मानसिंग पाटील तिथंच बाकावर बसून पान चघळत होते. सासऱ्यांनी सही केली नाही. घरी आले आणि पेटीतून पावती काढली. कलेक्टरसाहेबांना भेटायचं, सोलापूरला सकाळच्या गाडीनं निघायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्या संध्याकाळी पाटलांचा माणूस येऊन दारातूनच बोलून गेला. "सुभेदार, पोटुशी सून हाय घरात. इहिरीवर जाती, रानातनं येती. जरा इचार करा."

नागूबाईला तेव्हा सातवा महिना होता. तिनं सासऱ्यांचे पाय धरले. "मामंजी, जाऊ नगा. लोखंडाचा तुकडा त्यो. माझ्या लेकरापरीस मोठा हाय का?" सासऱ्यांनी पावती पुन्हा पेटीत ठेवली. सकाळी ते निघाले, पण सोलापूरला नाही, ठाण्यात. तिथं सही करून आले. नंतरच्या पंधरा ऑगस्टला गणवेश निघाला नाही. वर्षभरानं सगळं बिऱ्हाड सोलापुरात आलं, आणि सासरे गावचं नाव घेईनासे झाले. मरायच्या आधी पावती तिच्या हातात देऊन एवढंच म्हणाले, "ठेव." ठेव म्हणजे कशासाठी, ते तिनं विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

त्या दिवशी मुलगा प्रदीप कारखान्यातून सहाला आला. तोही एमआयडीसीतच, टॉवेलच्या पॅकिंगवर. दीक्षा, त्याची मुलगी, आधीच आली होती. नागूबाईनं पाहुण्याचं सगळं सांगितलं. आधी फक्त पाहुण्याचं.

प्रदीपचा चेहरा उजळला. "मग देऊन टाक की. नुसता कागद त्यो. आपल्या दीक्षाचं कल्याण हुतंय. आज्याच्या मागं बाच्या नावावर आल्यालं रिव्हॉल्व्हर, बा गेल्यावर मी ठाण्यात जमा केलं, वारस म्हणून अर्ज केला, त्याला दोन वर्सं झाली. पाटलाच्या नातवाची वर वळख आसंल, त्यो बी निकाली काढंल."

"आज्जी, कागद दाखव ना," दीक्षा म्हणाली.

लोखंडी पेटीच्या तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ती पावती निघाली. घड्यांवर विरलेली. दीक्षानं दिव्याखाली धरून वाचली. "रिव्हॉल्व्हर, वेब्ली, अडतीस बोअर. नंबर सहा, एक, आठ, चार, सात. विक्री : सुभेदार धोंडिराम शिवशरण यांस." मग तिनं वडिलांच्या फायलीतून पणजोबांच्या जुन्या लायसनाची झेरॉक्स काढली. तिथं सहा, एक, आठ, चार, सात हा नंबर होता खरा, पण आडव्या रेघेनं खोडलेला. वर दुसराच नंबर, बाजूला सही आणि शिक्का.

"बाबा, तुम्ही जमा केलंत त्याच्यावर कुठला नंबर होता?"

"वरचा. खोडलेला न्हाय."

"मग पावतीतलं रिव्हॉल्व्हर कुठाय?"

नागूबाई खाली बघून म्हणाली, "पाटलाच्या घरात." आणि मग सगळं सांगितलं. ठाणं, बाकावरचा पाटील, दारात येऊन गेलेला माणूस. "मी पाय धरले त्यांचे. फौजेत गोळ्या झेलल्याला माणूस माझ्यामुळं खोटी सही करून आला. तू पोटात हुतास, प्रदीप."

प्रदीप ताडकन उठला. "म्हंजे आता माझ्यावर ढकल! सत्तेचाळीस वर्सं गप बसलीस न्हवं? मग आता आनि गप बस. माझ्या पोरीची भाकरी कशाला काढून घेतीस?"

 तो चुकीचं बोलत होता असं नागूबाईला म्हणता येईना.

आठ दिवस ती कागद घेऊन बसली. कधी वाटे, द्यावा. मेलेल्या माणसाला काय त्याचं? पोरगी रोज तीन शाळांत तास घेत उन्हातून फिरते, तिला एक दार उघडत असेल तर आपण कोण अडवणार? पावती देण्यापर्यंत तिचं मन तयार व्हायचं. पण प्रतिज्ञापत्राशी आलं की अडायचं. राजीखुशीनं दिलं. सासऱ्यांनी एकदा खोटी सही केली ती तिच्यासाठी. तीच खोटी सही आता तिनं करायची होती, आणि ती पक्की करायची होती.

दीक्षानंच एका सकाळी म्हटलं, "आज्जी, माझं नाव मधी आणू नकोस. त्या नोकरीवर रोज कसं जाईन मी? चल, आपण कलेक्टर कचेरीच्या परवाना शाखेत तरी विचारून येऊ."

तिथला कारकून, राजशेखर नावाचा, निवृत्तीला टेकलेला माणूस होता. अक्कलकोटकडचा, बोलता बोलता कन्नडच्या वळणावर जाणारा. त्यानं पावती दोन्ही हातांनी धरली, उजेडाला लावून शिक्का पाहिला. "अय्यो, बाई! असला कागद मी नोकरीत दुसऱ्यांदा बघतोय. माणसं हत्यार सांभाळतात, कागद हरवतात. तुम्ही उलटं केलंत."

"ह्याचा उपेग हुईल का?"

त्यानं चष्मा काढला. "खरं सांगू का? तक्रार केलीत तर दोघंही अडकाल. ते रिव्हॉल्व्हर त्यांचं नाही ठरलं, तर मग तुमच्या मुलानं जमा केलेलं तरी तुमचं कसं? दोन्ही अर्ज थांबतील. सासऱ्यांची सही त्या दुरुस्तीच्या अर्जावर आहेच, ती आड येणार. शिवाय मूळ पावती फायलीला लागेल. तुम्हाला नक्कल मिळेल, बस."

"आनि न्हाय केली तर?"

"तर कागदोपत्री जे आहे तेच खरं."

नागूबाई बाकावर बसली. मग म्हणाली, "दीक्षे, लिव्ह."

जबाब दोन पानांचा झाला. पाटलाचं नाव घेताना तिचा आवाज लटपटला नाही. "मी सासऱ्यांचे पाय धरले" हे सांगताना मात्र तिला तीनदा थांबावं लागलं. दीक्षा म्हणाली, हे नाही लिहिलं तरी चालेल. नागूबाई म्हणाली, "लिव्ह. त्याबिगर सही का केली, ते कुणाला कळंल?"

उदयसिंहाला नोटीस गेली आणि तो दुसऱ्याच दिवशी आला. या वेळी बसला नाही.

"आजी, मी विश्वासानं आलो होतो. तुम्ही माझ्या आजोबांना चोर केलंत?"

"मी न्हाय केलं. मी फकस्त सांगितलं."

"ते आम्हाला सांगायचे, एका मोठ्या फौजी माणसानं खूश होऊन दिलं म्हणून. दसऱ्याला आम्ही त्याची पूजा करायचो." तो पुढं म्हणाला, "तुमच्याकडं पुरावा काय? एक कागद! आणि तुमच्या सासऱ्यांची सही आमच्या बाजूनं आहे."

"हाय की. ती सही कशी झाली ते बी लिवलंय."

तो तरातरा निघून गेला. शाळेतल्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही. प्रदीप महिनाभर आईशी कामापुरतंच बोलला. ताट समोर आलं की जेवायचा आणि उठून जायचा. नागूबाईला ते सोसवत नसे. पण जबाब मागं घ्यावा असं तिला एकदाही वाटलं नाही, आणि त्याचंच तिला भय वाटे. आपण सासऱ्यांसाठी हे करतोय, की आपल्याच जिवाला टोचतं म्हणून?

सुनावणी जूनच्या शेवटी झाली. अधिकारी बाई होत्या. टेबलावर मोहोरबंद पाकिटं फोडून दोन्ही रिव्हॉल्व्हरं शेजारी शेजारी ठेवली. नागूबाईला खात्री होती, आपण लांबूनच ओळखू. रविवारी रविवारी पटकुरावर पाहिलेलं ते हत्यार. ती पुढं वाकली. दोन्ही काळपट, दोन्हीच्या मुठी झिजलेल्या, दोन्हीच्या खाली तशीच गोल कडी.

"यातलं तुमच्या सासऱ्यांचं कुठलं, सांगता येईल?" बाईंनी विचारलं.

तिनं पुन्हा पाहिलं. "न्हाय ओळखू येत, बाईसाहेब."

उदयसिंहाच्या वकिलानं लगेच ते टिपून घेतलं. मग शस्त्रं तपासणाऱ्या पोलिसानं भिंग लावून नंबर वाचले. उदयसिंहाकडून आलेल्या रिव्हॉल्व्हरवर सहा, एक, आठ, चार, सात. पावतीशी तंतोतंत. दुसऱ्याची चक्री त्यानं बोटानं हलवली, ती डगडगली. "याला लॉक नाही मॅडम, जुना दोष आहे," तो म्हणाला.

वकील उभा राहिला. पावती खरी असेल, पण विकत घेतलेली वस्तू पुढं दिली जाऊ शकते. सुभेदारांनी स्वतः सही केली आहे, आणि ती आजवर कुणी नाकारली नाही.

बाईंनी नागूबाईकडं पाहिलं. "सही सासऱ्यांचीच आहे?"

"त्यांचीच हाय."

"मग ती का केली?"

खोलीत सातआठ माणसं होती. प्रदीप दाराशी उभा होता. नागूबाईनं पदर सावरला. "त्यांनी भिऊन न्हाय केली. भ्याले मी. मी सांगितलं म्हनून त्यांनी केली. त्यो गुन्हा माझा लिवा, पर त्यांनी खुशीनं दिलं, आसं लिवू नगा."

निकाल पंधरा दिवसांनी आला. दीक्षानं मोठ्यानं वाचला, मग सोप्या मराठीत सांगितला. सत्त्याहत्तरची दुरुस्ती संशयास्पद. डेपोच्या पावतीप्रमाणं त्या रिव्हॉल्व्हरचे मूळ खरेदीदार सुभेदार धोंडिराम शिवशरण, अशी नोंद घ्यावी. परंतु मालकीचा वाद इथं मिटवता येत नाही, म्हणून दोन्ही वारसांचे अर्ज नामंजूर. दोन्ही हत्यारं सरकारी ताब्यात राहतील. मूळ पावती फायलीसोबत.

"म्हंजे आपल्याला काय मिळालं?" प्रदीपनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळेना म्हणून.

"नोंद," दीक्षा म्हणाली.

 नागूबाईला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरला नव्हता. उलट आता घरात तो कागदही नव्हता. पेटीच्या तळाशी हात घातला की लुगड्यांखाली नुसता पत्रा लागे. सासरे 'ठेव' म्हणाले होते, आणि तिनं तो देऊन टाकला होता. यासाठीच ठेवायला सांगितला होता की दुसऱ्या कशासाठी, हे आता कळायला मार्ग नव्हता.

मधे एकदा राजशेखरनं दीक्षाला सांगितलं, उदयसिंह येऊन फाइल बघून गेला. एकटाच आला होता. पावतीची नक्कल मागितली, मिळणार नाही म्हटल्यावर बराच वेळ नुसती वाचत बसला.

निकालाला तीन आठवडे झाले तेव्हा प्रदीप कामावरून आला आणि हातपाय न धुताच आईसमोर बसला. पुढ्यात टॉवेलचा गठ्ठा होता. त्यातला एक टॉवेल घेऊन तो उगाच दोरे ओढत राहिला.

"अपिलाला तीस दिवसांची मुदत हाय म्हनं," तो म्हणाला. "वकिलाला इचारून आलो. रिव्हॉल्व्हर हातात येईल आसं काय त्यो म्हनत न्हाय. पर मालकीचं म्हननं मांडता येतंय. तुला परत समद्यांम्होरं उभं ऱ्हावं लागंल. परत तेच सांगावं लागंल, पाय धरल्यालं."

"तुझं काय मत हाय?"

"मला न्हाय ठावं." त्यानं टॉवेल खाली ठेवला. "तुला तितं उभी बघून मला लाज वाटली. आधी तुझी वाटली. मंग माझी."

नागूबाईनं कात्री बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठायला गेली, तसा प्रदीपनं तिला दंडाला धरून आधार दिला. बऱ्याच दिवसांनी.

"सांगीन," ती म्हणाली. "अर्ज लिवायला घे."